विमानाच्या पुढच्या सीटवरची उशी

मी एक जुनी उशी आहे. पण मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, झोपायची नव्हे. माझ्यावर डोकं ठेवून आजवर कोणी झोपलेलं नाही, आणि झोपलं असतं तर सकाळी त्याची मान धरली असती. मी बसायची उशी. चौकोनी, जाड आणि पाटासारखी कडक. रंग कधीकाळी हिरवा होता. आता ज्याला जो वाटेल तो. मागे दोन पट्टे आहेत. पुढच्या डाव्या कोपऱ्याखाली दोऱ्याची एक टपोरी गाठ आहे. ती गाठ लक्षात ठेवा, तिचं पुढे काम आहे.

दिसायला अशी असले तरी मला कमी लेखू नका. तुमच्या घरातल्या उशा पलंगावरून खाली पडल्या, तर तेवढाच त्यांचा प्रवास. मी ढगांपर्यंत जाऊन आले आहे. एकदा नाही, मोजणाऱ्याला कंटाळा येईल इतक्यांदा. आणि तरी आकाश मी एकदाही पाहिलेलं नाही. ते कसं, तेच सांगायला बसले आहे.

वस्तीपासून लांब एक मोकळं मैदान होतं. मैदानात एक धावपट्टी, पट्टीच्या कडेला पत्र्याची उंच शेड, आणि शेडमध्ये एक लहानसं विमान. पुढे दोघं, मागे दोघं बसतील एवढंच. पंख वरच्या बाजूला, नाकावर पंखा. या विमानाचा वैमानिक आठवडाभर पाण्याचे पंप दुरुस्त करायचा आणि रविवारी लहान मुलांना आकाशात फिरवून आणायचा. फुकट. त्याच्यासारखीच आणखी एक-दोन माणसं होती. आपापले कामधंदे सांभाळून, स्वतःच्या हौसेनं, मुलांनी एकदा तरी वरून जमीन बघावी म्हणून येणारी.

फुकट म्हटलं की माणसांना शंका येते. एकदा एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, "फुकट म्हणजे, शेवटी काही घ्यावं लागतं का?"

शेडच्या दारात पाण्याचं पिंप घेऊन एक बाई बसलेली असायची. तिनं मान वर न करता उत्तर दिलं, "शेवटी पोर परत घ्यावं लागतं. आम्ही ठेवून घेत नाही."

ही वैमानिकाची आई. मैदानावर तिला सगळे आजी म्हणायचे, म्हणून मीही आजीच म्हणते. तसं पाहिलं तर ती माझी आई. कारण मला तिनंच शिवलं. माझी जीभ कोणावर गेली आहे, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

माझा जन्म झाला तो रागातून. एका रविवारी पुढचे दात पडलेली एक चिमुरडी विमानातून फिरून आली. आजीचा एक नेम होता. खाली उतरलेल्या प्रत्येक मुलाला ती पेलाभर पाणी द्यायची आणि विचारायची, "काय दिसलं?" या चिमुरडीनं पाणी पिऊन तोंड पुसलं आणि सांगितलं, "काळं डबडं."

सगळे हसले. वैमानिक तर पोट धरून हसला. तो म्हणाला, "आई, ती बुटकी आहे. तिच्या डोळ्यांसमोर वेग-उंची दाखवणाऱ्या घड्याळांची काळी पाटी येते, तिच्यावरून तिला बाहेरचं दिसत नाही."

आजी हसली नाही. "एवढं वर नेऊन आणलंस आणि डबडं दाखवलंस?" ती म्हणाली. "त्यापेक्षा माझ्या स्वयंपाकघरात आणून बसवायचं होतंस. तिथे डबडी भरपूर आहेत."

त्या आठवड्यात तिनं मला शिवायला घेतलं. विमानावर घालायची एक फाटकी ताडपत्री शेडमध्ये पडली होती, तिचा धड तुकडा कापून माझी खोळ केली. आत जुन्या गादीचा कापूस भरला. भरला म्हणजे कसा, तर ठासून, उंचच्या उंच. मुलांना लांबचं दिसावं ना! रविवारी ती मला छातीशी धरून मैदानावर आली, तेव्हा तिच्या चालण्यात असा तोरा होता की लोकांनी वाट दिली.

वैमानिकानं मला सीटवर ठेवलं, वरून तळहातानं दाबलं आणि मान हलवली.

"आई, ही नाही चालायची."

"का? ताडपत्री तुझीच आहे."

"मऊ आहे गं. वर हवा उसळली की विमानाला हिसके बसतात. पोर उशीत रुततं आणि कमरेचा पट्टा सैल पडतो. पट्टा सैल पडला तर मी मुलाला नेणार नाही."

मैदानावरच्या सगळ्या माणसांसमोर तो हे बोलला. आजीचा चेहरा मला दिसला नाही, कारण मला डोळे नाहीत. पण तिनं मला ओढून घेतलं ते हात मला कळले. "तुझा पट्टा ढिला, आणि नाव माझ्या उशीला," एवढं बोलून ती पंखाच्या सावलीत जाऊन बसली. दातांनी माझी शिवण उसवली. सगळा कापूस काढून बाजूला ढीग घातला. मग शेडबाहेर उभ्या असलेल्या एका गाडीतलं जाड ब्लँकेट काढून घेतलं. कोणाचं होतं ते विचारलंही नाही. त्याच्या घड्यांवर घड्या घालून माझ्या पोटात बसवल्या आणि पोती शिवायचं दाभण घेऊन आरपार टाके घातले. एकेक टाका असा ओढला की माझा श्वास कोंडला. मागे पट्टे लावले. शेवटचा टाका डाव्या कोपऱ्याखाली आला. दोरा उरला होता, तिला तो कापवला नाही. तिनं त्याच्या गाठीवर गाठी मारून टाकल्या.

वैमानिकानं पुन्हा दाबून पाहिलं. मी तसूभरही दबले नाही.

"आता बघ," आजी म्हणाली. "दबायची सवय नाही आमच्यात."

त्याच दिवशी त्या दात पडलेल्या चिमुरडीला माझ्यावर बसवून पुन्हा वर नेलं. ती खाली आली ती ओरडतच. काय दिसलं हे सांगताना तिला शब्द पुरेनात, मग हात लांब करून करून दाखवू लागली. आजीनं माझ्याकडे पाहिलं आणि पदरानं मला झटकलं. मित्रांनो, माझं कौतुक असं झालं. दुसऱ्या कौतुकाची मी वाटही पाहिली नाही.

मग माझी खरी वर्षं सुरू झाली. रविवारची सकाळ उजाडली की मुलं रांगेत उभी राहायची. वैमानिक त्यांना घेऊन विमानाभोवती फिरायचा. पंखाची मागची फळी वर-खाली करून दाखवायचा. पेट्रोलच्या टाकीतून इवल्याशा काचेच्या बाटलीत थोडं काढून उजेडाला धरायचा आणि विचारायचा, "यात पाणी आहे का?" मुलं डोळे बारीक करून बघायची. पाणी नाही अशी सगळ्यांची खात्री पटली की मगच पुढे. त्यानंतर काटा. शेडमध्ये वजनाचा एक मोठा काटा होता, धान्याच्या दुकानात असतो तसा. विमानात बसणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यावर उभं राहावं लागायचं, कारण लहान विमानाला कोण किती जड आणि कुठे बसणार, हे आधी कळावं लागतं. वैमानिक वजन मोठ्यानं सांगायचा आणि मुलं एकमेकांना चिडवायची.

मग एकाला पुढे, माझ्यावर.

तुम्हाला वाटेल, उशीला काय कळतं? पण मला मुलं अशी कळायची, जशी त्यांच्या आयांनाही कळत नसतील. बाहेर "मी नाही घाबरत" म्हणणारं पोर माझ्यावर बसलं की त्याचे पाय थरथरायचे. विमान धावायला लागलं की खडखडाट व्हायचा, आणि मग एकदम सगळं गप्प. तो गप्पपणा म्हणजे जमीन सुटली. वर चढताना मूल जड व्हायचं, कलताना एका बाजूला रेलायचं, आणि हवेचा खड्डा आला की क्षणभर इतकं हलकं व्हायचं की ते माझ्यावर आहे की नाही, असं वाटायचं. आकाश मला एवढंच ठाऊक. ओझं वाढतं आणि ओझं कमी होतं.

आणि हात. प्रत्येक मुलाचे हात माझी कड धरायचे. डावा हात चाचपत चाचपत त्या गाठीपाशी यायचा आणि तिथेच थांबायचा. काही मुलं गाठ पिरगळायची, काही अंगठ्यानं चोळत राहायची. मग वैमानिक म्हणायचा, "हं, आता तू धर." मूल गाठ सोडून सुकाणू धरायचं. विमान त्याच्या हातानं जरासं कलायचं आणि मुलाच्या तोंडून असा आवाज निघायचा की तो मला अजून आठवतो. त्यानंतर गाठीकडे हात परत यायचा नाही. गाठीचं काम तेवढंच होतं.

एकदा एका मुलानं घाबरून माझ्यावर शू केली. खाली उतरल्यावर ते दाराशीच खांब होऊन उभं राहिलं. आजीनं एका नजरेत ओळखलं. पिंपातलं पाणी तिनं माझ्यावर मुद्दाम सांडलं आणि ओरडली, "अगं बाई, माझ्या हातून पेला सुटला! पोरही भिजलं!" मग मला घासता घासता हळूच त्या मुलाला म्हणाली, "उशी वाळते. तोंड उघडलंस तर मी ओळख दाखवणार नाही." ते पोर जन्मभर कोणाला सांगणार नाही. मीही त्याचं नाव सांगत नाही.

पण मित्रांनो, खरं सांगू? मुलं उतरायची ती उडी मारून. पंखाला हात लावायची, पंख्याकडे बघायची, वैमानिकाला मिठी मारायची. सीटकडे वळून कोणी पाहिलं नाही. बरोबरच आहे म्हणा. उशीकडे कोण बघतं? माझ्यावर बसून त्यांनी सगळं जग पाहिलं आणि मी मात्र त्यांच्या चड्डीची शिवण पाहिली. मी तक्रार करत नाही. नुसतं सांगते.

आणखी एक जण होतं, ज्यानं काही पाहिलं नव्हतं. आजी.

विमान सुटलं की ती म्हणे कपाळावर हात धरून बघत राहायची. ठिपका होईपर्यंत बघायची. ठिपका गेला की पिंपाकडे बघत बसायची. मुलं खाली आली की तिचा तो प्रश्न, "काय दिसलं?" कोणी सांगायचं, नदी दोऱ्यासारखी. कोणी सांगायचं, शाळा काड्यापेटीएवढी. एका मुलीनं सांगितलं, विमानाची सावली शेतांतून आमच्याबरोबर पळत होती, झाडावर चढत होती आणि उतरत होती. ही सावली आजीला फार आवडली. पुढे ती रांगेतल्या मुलांना सांगायची, "सावलीकडे लक्ष ठेवा बरं का, ती झाडावर चढते." अशी सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, ही रोज वर जाते.

"आजी, तुम्ही बसलात विमानात?" एखादं मूल विचारायचं.

"मला काय गरज? पुढे सरक."

वैमानिक तिला विचारायचा, नाही असं नाही. पण कसं विचारायचा, ते ऐका. रांग भरलेली, आईबाप उभे, आणि हा काट्याजवळून हाक मारणार, "आई, येतेस का आज? आधी काट्यावर उभी राहा, मग बघू विमान उचलतंय का!" आजी तेव्हा अंगानं भरलेली होती. सगळे हसायचे. आजी म्हणायची, "मला तोलणारा अजून जन्माला यायचाय." मग आणखी मोठा हशा. दर हंगामात हे एकदा व्हायचंच. लोक त्याची वाट बघायचे.

एकदा हे झालं तेव्हा मी तिच्या मांडीवर होते. माझा पट्टा उसवला होता, तो ती शिवत होती. उत्तर तिनं नेहमीसारखंच दिलं, आवाजही तसाच खणखणीत. पण सुई थांबली होती. हशा संपला, पुढचं मूल काट्यावर चढलं, तरी ती सुई माझ्यात अर्धी रुतून तशीच थांबलेली होती. ते फक्त मला माहीत. तिला जायचं होतं, मित्रांनो. फार जायचं होतं. पण हसणाऱ्यांच्या समोर काट्यावर चढून नव्हे.

पुढे वैमानिकानं विचारणं सोडून दिलं. गंमत जुनी झाली होती.

मग एका वर्षी डॉक्टरांनी वैमानिकाला तपासलं. वैमानिकांना असं तपासून घ्यावंच लागतं. त्याच्या छातीचा ठोका मध्येच चुकतो, असं निघालं. बाकी तब्येत ठणठणीत, पण विमान चालवायचं नाही, कधीच नाही. त्यानं विमानाची किल्ली शेडमधल्या खिळ्याला अडकवली आणि तो जो गेला, तो मैदानाकडे फिरकला नाही. रस्त्यानं जातानाही म्हणे वर बघायचा नाही.

आजी मात्र पुढच्या रविवारी पिंप घेऊन आली. मुलांनी काय पाप केलं आहे, असं ती म्हणाली.

आता विमान चालवायला औषधांच्या दुकानातल्या बाई येऊ लागल्या. हात सफाईदार, आवाज मोठा, कामात चोख. माणूस वाईट नव्हे. पण पहिल्याच दिवशी त्यांनी एक नवीकोरी उशी आणली. दुकानातली, स्पंजची, चेन लावलेली. मला सीटवरून काढलं आणि म्हणाल्या, "काकू, तुमच्या उशीनं खूप काम केलं. आता तिला विश्रांती देऊ या."

"तुला कोणी विचारलं?"

"अहो, ती जड आहे. आणि कळकट झालीय. लोकांची मुलं बसतात."

"लोकांची मुलं तिच्यावर बसत होती, तेव्हा तू दुकानात खोकल्याचं औषध हलवत होतीस." आजी उठून उभी राहिली. "कळकट म्हणे! त्या तुझ्या चेनवालीला बसव. पोर रुतलं की माझ्याकडे येऊ नकोस."

"काकू, मी तसं नाही म्हटलं..."

"काय म्हटलंस ते ऐकलं मी. कान शाबूत आहेत."

ती पेला घेऊन गेली. पिंपसुद्धा नेलं नाही. आणि रागाच्या भरात तिनं मलाही नेलं नाही. मी शेडच्या फरशीवर होते, जिथे ठेवलं होतं तिथे. मला वाटलं, आत्ता वळेल. पावलं मऊ होत गेली आणि मग ऐकू येईनात.

नंतर मला कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवलं. माझ्यावर तेलाचे डबे ठेवले. मुलांऐवजी डबे. डबे हलत नाहीत, घाबरत नाहीत, गाठ शोधत नाहीत. दर रविवारी मला इंजिनाचा आवाज यायचा. आधी खडखडाट, मग दूर जाणारी घरघर, मग काही नाही. खडखडाट थांबला की मी मनात म्हणायची, आत्ता जमीन सुटली, आत्ता जड झालं असेल, आत्ता हलकं. मग कपाटात एक उंदीर आला. पहिले काही दिवस मला बरं वाटलं, खोटं का बोलू? कोणीतरी माझ्यावर बसलं. मग त्यानं माझा उजवा कोपरा कुरतडायला घेतला. मी रडले नाही. उशी रडली तर तिला बुरशी येते.

किती हंगाम असे गेले, ठाऊक नाही. उन्हानं पत्रा तापायचा, मग गार पडायचा, पुन्हा तापायचा.

एका सकाळी दार उघडलं आणि डबे बाजूला झाले. बाहेर औषधवाल्या बाईंचा आवाज होता, पण नेहमीसारखा मोठा नव्हता. चेनवाल्या उशीचा स्पंज बसला होता, पापडासारखा. रांगेत एक अगदी लहानखुरी मुलगी होती. तिला त्या उशीवर बसवलं तर पाटीपलीकडचं दिसेना. उंची वाढवायला खाली कपडे घातले, तर पट्टा सैल पडू लागला. बाई पट्ट्याच्या बाबतीत वैमानिकासारख्याच कडक. त्या म्हणाल्या, "आज नाही बाळा. पुढच्या रविवारी." मुलगी रडली नाही, भांडली नाही. नुसती मान हलवून काट्याजवळ जाऊन बसली. तेव्हा बाईंना मी आठवले.

त्यांनी मला हातात घेतलं, दाबलं. मी दबले नाही. मग त्यांना कुरतडलेला कोपरा दिसला, त्यातून बाहेर आलेलं ब्लँकेट दिसलं. त्या बराच वेळ मला धरून उभ्या राहिल्या. बाहीनं मला पुसत होत्या.

उड्डाणं संपल्यावर त्या मला घेऊन आजीच्या घरी गेल्या. अरुंद जिना, वर एकच दार. दार वैमानिकानं उघडलं. त्यानं मला बघितलं. नुसता तळहात माझ्यावर ठेवला आणि जरासा दाबला, पूर्वी दाबायचा तसा.

"कोण आहे?" आतून आवाज आला. आवाज तोच, फक्त त्याला आता श्वास कमी पडत होता.

"मी आहे, काकू. उशी फाटलीय."

"मग दुकानात मिळते ना. चेनवाली."

"मिळते. टिकत नाही."

"चप्पल काढून ये. आणि आण ती इकडे."

तिनं मला मांडीवर घेतलं. मित्रांनो, ती मांडी कुठे गेली होती कोण जाणे. जिथे मी ऐसपैस मावायची, तिथून आता बाहेर येत होते. आजी आटली होती. तिनं माझा कोपरा चाचपला. "उंदरांना घातलीस का गं हिला?" ती बाईंना म्हणाली. "किती दिवस म्हटलं, कोणाला तरी सुचेल आणून द्यायचं."

"तूच आणायची होतीस ना, आई," वैमानिक म्हणाला.

"मी? मी मागायला जाणार?" एवढ्यावर तो विषय संपला.

दाभणात दोरा तिला ओवता येत नव्हता. वैमानिकानं तो ओवून दिला. एक टाका, मग विसावा. मग दुसरा टाका. तिघंही माझ्याकडे बघत बसले होते. त्या खोलीत त्या दिवशी माझ्याखेरीज कोणी विमानाचं नाव काढलं नाही, आणि मला बोलता येत नाही.

कोपरा शिवून झाल्यावर बाईंनी हात पुढे केला. आजीनं मला दिलं नाही.

"शिवलेली वस्तू मी तपासल्याशिवाय पोराच्या खाली देत नाही," ती म्हणाली.

"बघा ना मग. दाबून बघा."

"दाबून काय कळतं? पहिल्या वेळी दाबून बघितली होती, कापूस भरला होता तेव्हा. फजिती झाली. उशी बसूनच तपासायला लागते. जिथे ठेवायची तिथे ठेवून."

खोलीत कोणी हललं नाही. वैमानिक हसला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. बाई हसल्या असत्या तरीही. मी माझा प्रत्येक टाका आवळून धरला होता.

"बरोबर आहे, काकू," बाई म्हणाल्या. "तपासल्याशिवाय मी पण मुलीला बसवणार नाही. रविवारी लवकर या."

रविवारी आजी आली ती वैमानिकाच्या हाताला धरून. किती तरी वर्षांनी तो मैदानावर पाय ठेवत होता. रांग लागली होती. मी आजीच्या काखेत होते. ती थेट काट्यापाशी गेली, कोणी न सांगता. काट्यावर चढली, मला घेऊन.

"उशीसकट तोल," ती म्हणाली. "आम्ही दोघी बरोबर जाणार आहोत."

वैमानिक पुढे झाला. लोकांकडे पाठ करून काट्यासमोर असा उभा राहिला की आकडा फक्त त्याला दिसावा. त्यानं तो मोठ्यानं सांगितला नाही. बाईंच्या कानात सांगितला. मला तो ऐकू आला नाही. आकडा फार लहान असणार.

मग मला पुढच्या सीटवर ठेवलं, पट्टे बांधले, आणि आजीला माझ्यावर बसवलं. ती आता इतकी खुजी झाली होती की माझ्याशिवाय तिला ती पाटीच दिसली असती. तिचे पाय खाली टेकत नव्हते. तिच्या कानांवर हेडफोन चढवला.

"यातून बोललं की तुला ऐकू येतं?"

"येतं, काकू."

"मग तू बोलू नकोस."

खडखडाट झाला. तिचे हात माझ्या कडेला आले. डावा हात चाचपत, चाचपत, गाठीपाशी आला आणि थांबला. इतक्या मुलांचे हात तिथे आले होते, पण हा हात ती गाठ ओळखत होता. मग सगळं गप्प. जमीन सुटली.

ती जड झाली. पण आजवरच्या कुठल्याही मुलापेक्षा कमी. मुलं ओरडतात, ते बघ, हे बघ म्हणतात. आजी काही म्हणेना. मला भीती वाटली. मग खूप वेळानं ती म्हणाली, "तो दोरा म्हणजे नदी का?"

"हो."

"आणि ती काड्यापेटी?"

"शाळा."

आजीनं श्वास सोडला. "पोरं खरं सांगत होती," ती म्हणाली.

मग ती सावली शोधू लागली. बाईंनी विमान जरा कलवलं, आजी माझ्यावर एका बाजूला रेलली, आणि अंगठा गाठीवर फिरायचा थांबला. "चढली," ती पुटपुटली. "झाडावर चढली."

परत येताना तिनं विचारलं, "आपली शेड कुठली?"

"ती बघा, खाली. ते चकाकतंय ते."

"आणि मी बसायची ती जागा?"

"शेडच्या दारात. दिसत नाही इथून."

आजी काचेशी वाकून बघत राहिली. "तिथे बसले होते होय मी इतकी वर्षं," ती म्हणाली. "तिथून काय दिसणार!"

खाली उतरल्यावर ती मुलगी, पाटीपलीकडचं न दिसलेली, पिंपातलं पाणी पेल्यात घेऊन उभी होती. तिला कोणी शिकवलं होतं, की तिचं तिलाच सुचलं, कोण जाणे. तिनं पेला पुढे केला आणि विचारलं, "आजी, काय दिसलं?"

इतकी वर्षं हा प्रश्न आजी विचारत आली होती. तिला कोणी विचारला नव्हता. तिनं पाणी पिऊन पेला परत दिला.

"उशी चांगली आहे," ती म्हणाली. "जा, बस. मी सांगून काय उपयोग?"

मुलगी धावत आली आणि माझ्यावर बसली. माझ्यात अजून आजीची ऊब होती.

मित्रांनो, त्यानंतर मी परत कामाला लागले. आजही आहे. काट्यावर आता वैमानिक असतो. मुलांना तो वजन कानात सांगतो. आजी आणखी एक हंगाम आली, मग तिला जिना उतरवेना. मी उसवले की मला तिच्याकडे पाठवायचे आणि मी वाकड्या, घट्ट टाक्यांची होऊन परत यायची. मागच्या खेपेला माझा पट्टा तुटला. तो शिवून आला, तेव्हा टाका सरळ होता. मशीनचा. मला कोणाला काही विचारावं लागलं नाही.

रविवार संपला की मी सीटवरच असते. शेडचं दार लागतं. आकाश मी अजून पाहिलेलं नाही, आणि आता मला दाखवील असं कोणी उरलेलं नाही. माझं राहू द्या. कपडा फाटला तर शिवता येतो, कोपरा कुरतडला तर भरता येतो. मला जपा, टाकून देऊ नका, एवढं पुरे.

पण तुम्ही वर जाल, खाली याल, नदी आणि सावली बघून नाचाल, तेव्हा दारात कोणी पाणी घेऊन बसलं असेल तर जरा थांबा. त्या माणसाला विचारा, तुम्हाला यायचं आहे का? एकदा नको म्हणाले तर पुन्हा विचारा. जवळ जाऊन, हळू आवाजात विचारा.

आणि विचारताना हसू नका.